आजी ऑफ

लोकांना वाटतं, बालवर्गाच्या बाईचं आयुष्य म्हणजे मजा. टाळ्या वाजवा, गाणी म्हणा, डब्यांची झाकणं उघडून द्या आणि दुपारी घरी. माझी नणंद तर मी निवृत्त होईस्तोवर म्हणायची, "तुला काय बाई, खेळायचा पगार!" मी नुसती हसायचे. तिला एकदा प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलाशी आणून बसवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिने अंथरूण धरलं असतं.

तशी मी घाबरट नाही. भुईगावच्या केळीच्या वाडीत वाढले. विंचू, साप, पावसाळ्यात न्हाणीघरात ठाण मांडून बसणारे बेडूक, सगळं बघितलंय. उंदीर पायावरून गेला तरी मी ओरडत नाही. पण नोकरीत मात्र मी शेवटच्या वर्षापर्यंत दचकत राहिले. बरं, मुलांनी मला कधी धक्का दिला नाही. मूल शाळेत येतं, रडतं, चड्डी ओली करतं, शेजारच्याला चावतं. त्यात दचकण्यासारखं काय आहे? धक्के दिले ते त्यांचं बोट धरून येणाऱ्यांनी.

एकदा एक जोडपं आलं. बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या बाळाच्या अ‍ॅडमिशनची चौकशी करायची होती." मी टेबलाखाली वाकून बघितलं, दाराबाहेर बघितलं. मूल कुठेच नाही. "कुठाय बाळ?" तर त्यांनी लाजून पोटावर हात ठेवला. माझ्या हातात पाण्याचा पेला होता तो तसाच राहिला. नवरा पुढे सरसावून विचारतो, "मॅडम, तोपर्यंत इंग्लिशची एक तुकडी वाढेल ना?" आमच्या शाळेतल्या सुनंदामावशी तिथेच फरशी पुसत होत्या. त्या पुसता पुसता म्हणाल्या, "आधी बाहेर तरी येऊ दे त्याला."

दुसरे एक गृहस्थ जुळ्या मुलांना घेऊन आले. एकाला मराठी माध्यमात घाला, एकाला इंग्रजीत, म्हणाले. मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. "बघू ना मॅडम, कोण पुढे जातो ते." मी म्हटलं, "म्हणजे वाडीत दोन जातींची रोपं लावून बघतात, तसं?" तर गृहस्थ खूश! "अगदी बरोबर बोललात!" त्यांची ती दोन पिल्लं एकमेकांच्या शर्टाची टोकं धरून उभी होती. मी सांगितलं, दोघं एका वर्गात बसणार असतील तर प्रवेश, नाहीतर दुसरी शाळा बघा. माध्यम कुठलं ते तुम्ही ठरवा, म्हटलं, पण शर्ट सोडायला लावू नका.

हे माध्यमाचं प्रकरण बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. आमची शाळा वसई पश्चिमेला, एका ट्रस्टची. एका आवारात दोन इमारती. डावीकडे मराठी माध्यम, उजवीकडे इंग्रजी, मध्ये चिंचेचं झाड. मराठीकडे छोटा शिशु आणि मोठा शिशु, इंग्रजीकडे ज्युनियर आणि सिनियर केजी. मुलं तीच, वय तेच, खडूही तेच. शिवाय पुढे पहिलीपासून सेमी इंग्रजी, म्हणजे बाकी सगळं मराठीतून आणि गणित इंग्रजीतून. दोन्हीकडच्या बालवर्गांची प्रमुख मी एकटी. त्यामुळे डावीकडे मी 'बाई' होते आणि चिंच ओलांडली की 'टीचर'. पालक 'मॅडम' म्हणायचे. घरी वाडीत गेल्यावर आमची घरची बोली सुरू व्हायची ती वेगळीच. पण दिवसाला तीनदा जीभ बदलून मला कधी त्रास झाला नाही. वसईत जन्मलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. इथे दोन वाड्या ओलांडल्या की बोली बदलते.

इतक्या लहान मुलांची मुलाखत घ्यायची नसते आणि ते योग्यच आहे. आम्ही त्याला 'भेट' म्हणायचो. सतरंजीवर एक टोपली ठेवायची. तिच्यात बाहुली, घंटा, प्लॅस्टिकची फळं, लाकडी मासा, वाटी-चमचा. मूल त्या टोपलीशी खेळतं, आपण बघत बसायचं. हाताने काय करतं, डोळ्याने काय करतं, कोणाकडे वळून बघतं. पालक मागच्या बाकावर. त्यांना सांगितलेलं असतं की बोलायचं नाही, आणि ते मागून कुजबुजत असतात, "कलर सांग ना, कलर!" आमच्याच भुईगावचा एक पोरगा प्लॅस्टिकचं केळं हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. बाप मागून, "बनाना बोल बेटा, बनाना." पोराने केळं परत टोपलीत टाकलं आणि मला म्हणाला, "खोटा हाय." मी त्याला तिथल्या तिथे पास केलं.

माझा एक नियम होता. त्यावरून आमचे ट्रस्टी कुरकुरायचे, पण मी सोडला नाही. भेटीला आई-बाप आले नाहीत तरी चालेल, पण मुलाला दिवसभर जो सांभाळतो तो आलाच पाहिजे. आजी असेल तर आजी, सांभाळणारी बाई असेल तर ती. मूल दिवसभर ज्याच्या अंगाखांद्यावर असतं त्याच्याकडे बघितलं की निम्मं मूल कळतं. या नियमामुळेच मायराची आजी शाळेत आली. नाहीतर तो प्रकार मला कधी कळलाच नसता.

मायरा साडेतीन वर्षांची. आई स्नेहल एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, वडील प्रशांत अंधेरीच्या कंपनीत. कुटुंब मूळ पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं, पण मायरा पोटात असतानाच स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत राहायला आलेलं. दोघं आईबाप नीटनेटके, हसतमुख, बोलायला गोड. "मॅडम, घरात आम्ही फुल इंग्लिश अ‍ॅटमॉस्फिअर ठेवलंय," प्रशांतने बसता बसताच सांगितलं. आजी बाहेरच्या बाकावर बसली होती. हिराबाई तिचं नाव. अंगाने दणकट, केसात अबोलीचा गजरा, हातात काचेचा चुडा.

मायरा सतरंजीवर बसली. टोपलीतून लाकडी मासा काढला आणि माझ्याकडे बघून तोंडापाशी बोटं नेली. खायचा, असं. मग अंगठा ओठाला लावला. पाणी. दोन्ही तळवे गालाखाली धरून मान कलती केली. झोप. सगळं इतकं सफाईदार की माझ्या अंगावर काटा आला. मी पूर्वी मूकबधिर मुलांच्या शाळेत प्रशिक्षणासाठी जात असे. तिथली मुलं अशी बोलायची.

"घरात कोणाला ऐकू येत नाही का?" मी हळूच विचारलं.

"नाही हो मॅडम!" स्नेहल चपापली.

मी मायराकडे वळले. "मायरा, घरी कोण कोण असतं?"

ती बघत राहिली. मी इंग्रजीत विचारलं. तिने दाराकडे बोट केलं, बाहेरच्या बाकाच्या दिशेने, आणि म्हणाली, "आजी ऑफ."

मला कळलं नाही. स्नेहलला हसू आलं. "ती टीव्हीला म्हणते ना ऑन-ऑफ, तसं काहीतरी. क्यूट आहे."

मी उठून बाहेर गेले. "या ना आजी, आत बसा," म्हटलं. हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत सुनेकडे बघितलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, घशाला काही झालंय. मी विचारलंही. तेवढ्यात स्नेहल बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते तिने अगदी कौतुकाने सांगितलं, हे आधी लक्षात घ्या.

त्यांच्या सोसायटीतल्या कोणी एकीने तिला सांगितलं होतं की लहानपणी मुलाच्या कानावर जे पडतं तेच तोंडात बसतं, मग कितीही फी भरा, ते जात नाही. आजीला तर कोळीवाड्याची बोली सोडून दुसरं काही येत नाही. तेव्हा प्रवेशाच्या आधीचं वर्षभर आजीने मायरासमोर बोलायचंच नाही, असं घरात ठरलं. खाणाखुणा करायच्या. मोठी माणसं एकमेकांशी बोलणार ती मायरा झोपल्यावर किंवा दार लावून. मोबाइलवर इंग्रजी गाणी चालू ठेवायची. "आईंनी खूप सपोर्ट केला, मॅडम," स्नेहल म्हणाली. "एक शब्द नाही. प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस."

मी भिंतीला टेकले. आईबाप दिवसभर कामावर. घरात दोन माणसं, एक म्हातारी आणि एक तान्ही म्हणावी इतकी लहान पोर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या घरात माणसाचा आवाज नाही. आणि ही बाई मला सांगतेय की सासूने खूप साथ दिली! माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मुलांना मारणारे आईबाप मी बघितले होते, उपाशी ठेवणारेही बघितले होते. इतक्या प्रेमाने केलेली इतकी भयंकर गोष्ट पहिल्यांदाच बघत होते.

आईबाप मायराला घेऊन ऑफिसात गेले तशा हिराबाई माझ्या जवळ सरकल्या. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "बाई, पोरीला घ्याल ना शाळंत? माझ्यामुलं नको अडाया. मी नाय बोलत तिच्यासमोर. माझी बोली वंगाल हाय, तिच्या तोंडाला लागंल."

"वंगाळ कोण म्हणतं?" मी जवळजवळ ओरडलेच. "आणि तुम्हाला कसं राहवतं हो?"

"मना काय, मी सकालची पोर उठाच्या आदी बंदरावर जातंय, तिथं बोलून घेतंय पोटभर." आणि हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "पोर रडली का जीव तुटतं. पन शिकली पायजे ना."

मी मायराला इंग्रजी माध्यमात प्रवेश दिला. काही जण मला विचारतील, मराठीत का नाही घातलंस? माझं माध्यमाशी भांडण नाही. डावीकडची मुलं इंजिनियर झालेली मी बघितलीत आणि उजवीकडची मुलं घरी गेल्यावर आजीशी कडाकडा भांडणारीही बघितलीत. मुलाशी कोणीतरी बोललं पाहिजे, मग शाळा कुठल्याही भाषेत असो. मी आईबापांना समोर बसवून सांगितलं, प्रवेश पक्का, आता आजपासून आजीला बोलू द्या. प्रशांतने स्नेहलकडे बघितलं. स्नेहल म्हणाली, "हो मॅडम."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मायरा रडत नव्हती, चावत नव्हती, बोलत नव्हती. तहान लागली की अंगठा ओठाला. इतर मुलं तिच्याशी बोलून बोलून कंटाळली आणि मग तीही तिच्याशी खुणांनी बोलायला लागली. मी आईबापांना सांगून तिचे कान तपासून घेतले. कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, पोरीशी बोला. स्नेहलने त्यावर इंग्रजी बोलायची शिकवणी लावली. मी कपाळावर हात मारला.

दुपारी न्यायला आजी यायची. गेटवर ती दुरूनच हात वर करायची, मायरा धावत जायची, आजी तिला कडेवर उचलायची, गालाला गाल लावायची, पाठीवर थोपटायची. सगळं करायची, फक्त आवाज नाही. मी आईबापांना बोलावलं की उत्तर ठरलेलं, "हो मॅडम, बोलतात आता आई." मी रोज गेटवर उभी असायचे, मला काय दिसत नव्हतं? एकदा मी हिराबाईंना चक्क दटावलं, "बोला हो तिच्याशी, मी सांगते ना!" त्यांनी घाबरून इंग्रजीच्या इमारतीकडे बोट केलं, जणू ती इमारत ऐकत होती. सुनंदामावशींनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही. "बाई, मला तर त्या पोरीकडे बघवत नाही," म्हणाल्या.

थंडीत आमची छोटी सहल असते. त्या वर्षी मी पाचूबंदर ठरवलं. पालकांना दिलेल्या चिठ्ठीवर ऑफिसने 'सी-साइड व्हिजिट' असं छापलं. इंग्रजी माध्यमाच्या चिठ्ठीत बंदराला बंदर कोण म्हणतं? स्नेहलला वाटलं असणार, राजोडीला वाळूत खेळायला नेतायत. तिने आनंदाने सही केली. हिराबाई तिथे जातात हे मला ठाऊक होतं, खोटं कशाला बोलू? मायराने आजीला चार बायकांत हसता-बोलताना बघावं, एवढंच माझ्या मनात होतं. आजी तिथे काय करते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सहलीला आम्ही लांब दोरी नेतो. दोरीला गाठी असतात, प्रत्येक मुलाने आपापली गाठ धरून चालायचं. त्यामुळे कोणी हरवत नाही. बसमधून उतरलो, किल्ल्याच्या कडेने बंदरावर आलो. बोटी लागलेल्या, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, मुलं नाक दाबून हसतायत. आणि बायकांच्या गर्दीतून एक आवाज आला. काय आवाज होता! भरदार, चढा, एका दमात आकडा वर चढवत नेणारा, मध्येच एखाद्या गिऱ्हाइकाची टर उडवून त्याला बोली वाढवायला लावणारा. लिलाव चालला होता. सगळं बंदर त्या आवाजावर हलत होतं. मीसुद्धा दोन पावलं पुढे गेले बघायला.

पापलेटांच्या टोपल्यांमागे, कमरेला पदर खोचून, हात उंचावून हिराबाई उभ्या होत्या.

मायराने गाठ सोडली. माझ्या नोकरीत सहलीत गाठ सोडलेलं मूल मी कधी असं जाऊ दिलं नव्हतं, पण माझे पाय हलेनात. ती त्या बायकांच्या पायांमधून वाट काढत टोपल्यांपर्यंत गेली आणि वर बघत उभी राहिली. हिराबाई आकडा पुकारत होत्या. त्यांची नजर खाली गेली. आवाज अर्ध्यातच तुटला. त्यांनी वर केलेला हात खाली आणला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"अगो हिराबाय, काय झाला? बोल ना फुडं!" एका गिऱ्हाइकाने हाक मारली.

"जीब गिलली काय?" शेजारची एक कोळीण हसली.

हिराबाई हलल्या नाहीत. ओठांवरचं बोट तसंच. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी बोट तसंच. सगळं बंदर खोळंबलं आणि ती बाई दिलेला शब्द पाळत उभी होती. मला रडावं की त्या प्रशांतला फोन करून शिव्या द्याव्यात, सुचेना. शेवटी सुनंदामावशी पुढे झाल्या, मायराला उचलून आणलं आणि तिच्या मुठीत गाठ दिली. आम्ही पुढे निघालो. बऱ्यापैकी लांब आल्यावर मागून तो आवाज पुन्हा सुरू झाला. आधी जरा कापरा, मग पहिल्यासारखा. मायरा मान मागे वळवून वळवून ऐकत चालली होती. दोनदा पडली.

बसमध्ये मी तिला मांडीवर घेतलं. ती माझ्या बांगडीशी खेळत होती. बस सुटल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "टीचर, आजी टॉक."

"हो गं राणी. आजी बोलते."

"एव्हरीबडी टॉक."

"हो."

तिने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "मायरा नो?"

प्रवेशाच्या टेबलाशी सगळे मिळून जेवढे धक्के बसले होते, त्यांची बेरीज त्या तीन अक्षरांच्या 'मायरा'ने एका क्षणात मागे टाकली. आजी पूर्वी बोलायची हे या पोरीला आठवतही नव्हतं; ती इतके दिवस समजत होती की आजीला बोलताच येत नाही. त्यात दुःख नव्हतं, सवय होती. आज तिला कळलं की आजी सगळ्यांशी बोलते, फक्त तिच्याशी बोलत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. मायरा आता पहिलीत आहे, इंग्रजी माध्यमातच. वर्गशिक्षिकेची तक्रार आहे की ही मुलगी तोंड बंद ठेवत नाही, आणि मधल्या सुट्टीत डबे लिलावात काढते. निवृत्त झाले तरी ही तक्रार माझ्यापर्यंत आवर्जून पोचवली जाते, कारण सगळ्यांना वाटतं, याला मीच जबाबदार. आहेच.

सहलीच्या दिवशी संध्याकाळी मी मायराच्या घरी गेले. न कळवता. पालकांच्या घरी असं जायचं नसतं, पण नियम मला त्या दिवशी आठवले नाहीत. दार स्नेहलने उघडलं. बंदराची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. ती रागावलेली होती. "मॅडम, तुम्ही मुद्दाम नेलंत," म्हणाली. मी म्हटलं, "हो, नेलं." प्रशांत सोफ्यावर मान खाली घालून बसला होता. मायरा जमिनीवर बाहुलीशी. हिराबाई स्वयंपाकघरात, भांड्यांचाही आवाज होऊ न देता काम करत होत्या.

"तुम्हाला नाही कळायचं," स्नेहल म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उभी राहून उत्तर दिलं. जशी घरी बोलायचे तशी बोलले. सगळा वर्ग हसला. सरसुद्धा हसले. त्यानंतर तीन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. माझ्या मुलीला कोणी हसता कामा नये. एवढंच पाहिजे मला."

मला तिचा राग आला होता, तो तिथेच ओसरला. मी तिला बसमधलं सांगितलं. मायरा जसं बोलली तसंच, त्याच शब्दांत, छातीवर बोट ठेवून. आणि म्हटलं, "तीन वर्षं गप्प बसून कसं वाटतं ते तुला माहीत आहे. तिला तेच देतेयस."

स्नेहल खाली बसली. मग तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, आणि मी दचकले, कारण ती हाक शाळेतल्या मराठीत नव्हती, कोळीवाड्याच्या बोलीत होती. "आई, भायेर या. बोला तिच्याशी. मी सांगतंय ना, बोला."

हिराबाई दारात आल्या. पदराला हात पुसत. त्यांनी सुनेकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, मायराकडे बघितलं. तोंड उघडलं. शब्द आला नाही. वर्षाहून जास्त काळ त्या घरात त्यांनी या पोरीसमोर तोंड उघडलं नव्हतं, जीभ रेटेना. आणि सवयीने हात वर गेला, बोट ओठांवर.

मायरा उठली. बाहुली टाकली. चालत आजीपर्यंत गेली, टाचा उंच केल्या तरी हात पोचेना, तेव्हा तिने पदर ओढून आजीला खाली बसवलं. मग आजीचं ते बोट आपल्या मुठीत धरून ओठांवरून खाली ओढलं आणि दुसऱ्या हाताने आजीच्या गालावर टीव्हीच्या बटणासारखं दाबलं.

"ऑन," ती म्हणाली.

हिराबाईंच्या तोंडून हुंदका आला आणि त्याच्या मागून शब्द. "जेवलीस काय गो, बाय माझी?"

मायराला त्यातलं किती कळलं, देव जाणे. ती आजीच्या तोंडाकडे बघत राहिली, अगदी जवळून, श्वास लागेल इतक्या जवळून.

"अगेन," म्हणाली.

आजीने परत विचारलं. मायरा म्हणाली, "अगेन." आजीने परत विचारलं, या वेळी बंदरावरच्या आवाजात, आणि समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. मी पायात चपला घातल्या. दोन मजले उतरून खाली आले तरी जिन्यात तेच ऐकू येत होतं, जेवलीस काय गो, जेवलीस काय.